सायकलस्वाराने नकाशा कोणता घ्यावा?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. एखाद्याने काही जाणले असेल तर ते त्याने चारचौघांत येऊन सांगावे, आणि चारचौघांनी ते ऐकून पारखून घ्यावे, ही रीत तेव्हापासून आपल्या गावोगावी रुजली. त्या रीतीचा फायदा घेऊन मी आज एक लहानसा दिसणारा विषय तुमच्यापुढे मांडणार आहे. कामगार संघटनेत उभे आयुष्य काढलेला माणूस सायकल आणि नकाशा यांवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. परंतु नकाशा ही वस्तू वाटते तितकी निरुपद्रवी नाही. तो कोणी काढला, कोणासाठी काढला आणि त्यात कोणाला वगळले, हे प्रश्न पगारपत्रकाइतकेच नकाशालाही विचारावे लागतात.

प्रश्न असा की, हातात मावणारे आणि उपग्रहांच्या साहाय्याने आपले ठिकाण सांगणारे जे यंत्र मिळते, ज्याला सगळे जीपीएस म्हणतात, ते सायकलच्या दांड्याला बांधून जो प्रवासाला निघतो, त्याने त्या यंत्रात नकाशा कोणता घालावा?

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे उपग्रह फिरत असतात. मूळ योजना चोवीस उपग्रहांची होती आणि ती १९९५ साली पूर्णत्वास गेली. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते, आणि तो सारखा एवढेच सांगत असतो की, मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे. आपले यंत्र तो निरोप ऐकते, निरोप पोचायला किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून अंतर काढते. असे चार उपग्रह ऐकू आले की ठिकाण निश्चित होते. येथे वेळेचा हिशेब फार कडक आहे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात तीनशे मीटरांची चूक पडते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठी हा संकेत मुद्दाम गढूळ करीत असे. तो गढूळपणा काढून टाकला, त्यानंतरच हे यंत्र सायकलस्वाराच्या उपयोगाचे झाले. आज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ या मालिकांचे उपग्रहही अनेक यंत्रे ऐकतात. आपल्या देशाने २०१३ सालापासून स्वतःचे उपग्रह सोडावयास आरंभ केला आणि त्या मालिकेला पुढे 'नाविक' हे नाव दिले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की, साधे हातयंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. तुम्ही कोठे आहात हे तुम्हाला कळते, दुसऱ्या कोणाला नाही. घरोघर जेवण पोचविणाऱ्या मुलाच्या खिशातला मोबाइल मात्र त्याचे ठिकाण सतत मालकाला कळवीत असतो. एकच विद्या, पण एकाच्या हाती ती साधन असते आणि दुसऱ्याच्या मानेवर मुकादम. (उपग्रहामार्फत संदेश पाठविणारीही हातयंत्रे असतात. ती भारतात सरकारी परवान्यावाचून बाळगता येत नाहीत, हे प्रवाशांनी विसरू नये.)

दुसरी गोष्ट ही की, यंत्राला ठाऊक असतात फक्त दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. तेथे रस्ता आहे की ओढा, देऊळ आहे की दरड, हे त्या बिचाऱ्याला मुळीच ठाऊक नसते. ते सांगतो नकाशा, आणि नकाशा हे माणसाचे काम आहे. यंत्र महाग घेतले म्हणजे वाट बिनचूक सापडेल, ही समजूत म्हणूनच खुळी आहे. चांगल्या यंत्रात वाईट नकाशा घालणे म्हणजे चांगल्या वाटाड्याला दुसऱ्याच गावची वाट पढविणे होय.

आता नकाशाच्या जाती पाहू. यंत्रात घालावयाचे नकाशे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. आमच्या व्यवसायातला दाखला देतो. कारखान्याच्या फाटकावर सगळ्या कामगारांचा फोटो काढला, तर सगळे दिसतात. पण फोटोला विचारून पाहा की दुसऱ्या पाळीला कोण आहे, तर तो काही सांगत नाही. तेच मस्टर उघडले की चेहरा एकही दिसत नाही, पण नाव, खाते, पाळी, नेमणुकीची तारीख सगळे हाती येते. पहिल्या जातीचा नकाशा हा फोटो आहे. कागदी नकाशाचे चित्र जसेच्या तसे यंत्रात उतरवितात. डोळ्यांना तो सुंदर दिसतो, पण जवळ आणावा तसा फुटतो, जागा फार खातो आणि त्याला वाट विचारता येत नाही. दुसऱ्या जातीचा नकाशा हे मस्टर आहे. प्रत्येक रस्ता हा बिंदूंची ओळ म्हणून नोंदलेला असतो, आणि तो डांबरी की मातीचा, एकेरी की दुहेरी, सायकलीला मोकळा की बंद, हे त्याच्या नावापुढे लिहिलेले असते.

परंतु मस्टरमध्येही एक भेद आहे. काही नकाशांत रस्ते नुसते काढलेले असतात, तर काहींत ते एकमेकांना कोठे मिळतात याचीही नोंद असते. पुलावरून एक रस्ता जातो आणि खालून दुसरा. कागदावर त्यांची फुली पडते, पण एकावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. ज्या नकाशाला हे कळते, तोच "येथून तेथे कसे जावे" या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. तेव्हा नकाशा घेताना पहिला प्रश्न हा विचारा की, हा केवळ पाहावयाचा आहे की वाट काढून देणारा?

दुसरा प्रश्न: वाट काढून देणारा असेल, तर कोणासाठी काढून देणारा? बहुतेक नकाशे मोटारवाल्याला डोळ्यांपुढे ठेवून बनविलेले असतात. मोटारीला वेळ वाचवावयाचा असतो, म्हणून नकाशा तिला रुंद रस्त्यावर ढकलतो. सायकलस्वाराला जीव वाचवावयाचा असतो आणि दम राखावयाचा असतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, त्यावर सायकलीला मज्जाव आहे. ७०१ किलोमीटरचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, त्यावरही दुचाकीला जागा नाही. ज्या नकाशाला हे ठाऊक नाही, तो तुम्हाला नेमका तेथेच नेऊन उभा करील. यंत्रावर सायकलीचे चित्र निवडले म्हणजे काम झाले असे समजू नका. नकाशातच सायकलीविषयीची नोंद नसेल, तर ते चित्र निवडूनही यंत्र तुम्हाला मोटारच समजते. उलट, सायकलीसाठी म्हणून जे खास नकाशे बनवितात, त्यांत बनविणारा कधी कधी रस्त्यांची प्रतवारीच बदलून ठेवतो, म्हणजे शांत रस्ता वरच्या दर्जाचा आणि हमरस्ता खालच्या दर्जाचा. असा नकाशा घेतलात तर यंत्राच्या खुणा कशा लावाव्यात याची सूचना सोबत असते. ती वाचल्यावाचून निघू नये.

तिसरा प्रश्न चढाचा. मोटारवाल्याला घाट हे दृश्य असते. सायकलस्वाराला ती मजुरी असते. वाईहून पाचगणीला जाताना सुमारे बारा किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उंची चढावी लागते. सपाट नकाशावर ते बारा किलोमीटर आणि सोलापूरच्या माळावरचे बारा किलोमीटर अगदी सारखे दिसतात! म्हणून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, नकाशात असल्याच पाहिजेत. त्या वाचण्याचा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. आपल्या सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशात एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, आणि दोन समोच्च रेषांमधली उंची वीस मीटर. रस्त्यावर या दोन रेषा चार मिलिमीटरांच्या अंतराने आल्या, तर दोनशे मीटरांत वीस मीटर चढ झाला, म्हणजे दहात एक. खंडाळ्याच्या घाटात आगगाडीचा चढ सदतिसांत एक आहे, आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून जादा इंजिन लावतात. मग दहात एक हा चढ भरल्या पिशव्यांच्या सायकलवर काय असेल, याचा अंदाज आपणच करा.

यंत्रातल्या बहुतेक नकाशांतील उंचीचे आकडे येतात ते २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अवकाशयानाने अकरा दिवस रडार फिरवून केलेल्या मोजणीतून. काम अचाट होते यात शंका नाही. परंतु त्यात सुमारे तीस किंवा नव्वद मीटरांवर एकेक आकडा मिळतो. सह्याद्रीचा उभा कडा दोन आकड्यांच्या मध्ये सापडला की तो नकाशात गुळगुळीत होऊन बसतो, आणि दाट झाडीत रडार जमिनीऐवजी शेंड्यांच्या आसपासची उंची मोजते. म्हणून यंत्राने सांगितलेला एकूण चढ हा अंदाज समजावा, दस्तऐवज समजू नये.

चौथा प्रश्न: नकाशा कोणाचा? येथे तीन घरे आहेत. पहिले घर यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे. हे नकाशे यंत्राशी चपखल बसतात, पण त्यांतली चूक तुम्हाला दुरुस्त करता येत नाही.

दुसरे घर सरकारचे. भारतीय सर्वेक्षण खाते १७६७ सालचे. लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि तेथून साऱ्या देशावर त्रिकोणांचे जाळे विणले गेले. अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र डोंगरमाथ्यावर चढविणाऱ्या खलाशांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत, पण त्यांच्या खांद्यांवरच ते नकाशे उभे आहेत. असे असूनही कित्येक वर्षे हे नकाशे सामान्य नागरिकाला सहज मिळत नसत. २००५ च्या धोरणाने संरक्षणासाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१७ साली, खात्याच्या अडीचशेव्या वर्षी, लोकांसाठीची मालिका विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे बनविण्यावरची पूर्वपरवानगीची बेडी भारतीयांपुरती निघाली. हे नकाशे डोंगर, ओढे आणि वाड्या यांच्यासाठी फार मोलाचे आहेत. मात्र ते चित्र आहेत, मस्टर नव्हेत. शिवाय जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापाने काढलेले, आणि यंत्र चालते ते जगभरच्या नव्या मापाने. दोहोंचा मेळ न घालता जुना नकाशा यंत्रात चढविला, तर तुमची खूण रस्ता सोडून शेतात चालताना दिसते.

तिसरे घर लोकांचे. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने विचार केला की, सरकारी नकाशाचे आकडे पैसे मोजल्यावाचून मिळत नाहीत, तर आपणच रस्ते मोजून नकाशा का करू नये? त्यातून ओपनस्ट्रीटमॅप उभा राहिला. कोणीही त्यात भर घालावी, कोणीही तो वापरावा आणि कोठून घेतला ते सांगावे, अशी त्याची रीत. सायकलीसाठीचे बहुतेक विनामूल्य नकाशे याच आकड्यांवरून बनतात. जेथे लोक जागे असतात तेथे हा नकाशा सगळ्यांत ताजा असतो, आणि जेथे कोणी नोंद केलेली नसते तेथे तो कोरा असतो. तेव्हा फुकट मिळाला म्हणून हलका मानू नये, आणि विकत घेतला म्हणून खरा मानू नये. ज्या भागात जावयाचे, त्या भागातली आपल्या ओळखीची दोन गावे नकाशात काढून पाहावीत. गावातली पांदण, शाळा, ओढ्यावरचा फरशीपूल बरोबर आहे का? असेल तर पुढे विश्वास टाकावा.

पाचवा प्रश्न: नकाशा केव्हाचा? उजनी धरणाच्या पाण्याखाली पळसदेवचे जुने गाव गेले; पाणी ओसरले की जुने देऊळ वर येते. धरणापूर्वीच्या नकाशात तेथे रस्ता आहे, आज तेथे मचवा लागतो. नावांचेही तसेच. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या नकाशात नवे नाव शोधाल तर यंत्र "सापडत नाही" म्हणेल. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, परंतु जुने नकाशे ती नावे अजून वागवीत आहेत. आपण नकाशा ताजा करतो तेव्हा केवळ रस्ता सुधारत नाही, एखाद्या वस्तीच्या कपाळावरचा जुना डागही पुसतो.

मुळशीवरून ताम्हिणी घाटाकडे सायकलने जाणारे पुष्कळ आहेत. नकाशात तेथे एक मोठा निळा डाग दिसतो. त्या निळ्या रंगाखाली शेते होती, घरे होती, आणि ती वाचविण्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. नकाशा हे सांगत नाही. पाणी कोठे आहे तेवढे तो सांगतो, ते कोणाच्या अंगणात भरले ते आपल्याला विचारून घ्यावे लागते.

आता निघण्यापूर्वीच्या चार व्यवहारी गोष्टी सांगतो. एक, 'माग' आणि 'मार्ग' यांतला भेद ओळखा. मार्ग दिलात तर यंत्र आपल्या पोटातल्या नकाशावरून तो पुन्हा आखते. घरी एका नकाशावर आखलेला मार्ग यंत्रातल्या दुसऱ्या नकाशावर वेगळाच निघू शकतो. माग म्हणजे ठिपक्यांची ठरलेली ओळ. नकाशा बदलला तरी ती बदलत नाही. तेव्हा घाटवाटांना मागच भरावा. दोन, यंत्रात अनेक नकाशे भरले तर हवा तो एकच चालू ठेवा. नाही तर वरचा खालच्याला झाकतो आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो. तीन, नकाशावरची नावे देवनागरीत आहेत की रोमनमध्ये, आणि यंत्राच्या पडद्यावर ती उमटतात की नाही, हे घरीच पाहा. चार, साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र घेतलेत तर वाटेतल्या किराणा दुकानातही त्याची भूक भागते. तरीही पिशवीत एक कागदी नकाशा असू द्या. पडदा दोन बोटांचा. त्यात पुढचे वळण दिसते, मुलूख दिसत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने तोच मुख्य. चांगला नकाशा निवडणे हे अर्धे काम झाले, तो चांगला राखणे हे उरलेले अर्धे. विसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरोच्या बार्थोलोम्यू या छापखान्याचे नकाशे इंग्लंडातल्या सायकलस्वारांच्या आवडीचे होते. उंचीप्रमाणे रंग बदलून ते चढ दाखवीत. तेथल्या सायकल प्रवासी संघाचे सभासद फिरून येत आणि चुका कळवीत, त्यावरून नव्या आवृत्त्या सुधारत. संघटनेचे बळ म्हणतात ते हेच. एकट्याची नोंद वहीत राहते, हजारांची नोंद नकाशा होते. केनियात नैरोबी शहरातली किबेरा ही प्रचंड गरीब वस्ती नकाशांवर कोरी असे. २००९ साली तेथल्या तरुणांनीच हातयंत्रे घेऊन गल्ल्या, नळ, दवाखाने, शाळा मोजल्या आणि वस्ती नकाशावर आणली.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. ही सायकल बहुतेकांना हौस नव्हे, पोटाची वाट होती. पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार कोणत्या पुलाखालून निघतो, रेल्वेचे कोणते फाटक टाळतो, पावसाळ्यात कोणता ओढा चढतो, हे ज्ञान त्याच्या पायांत असते. कोणत्याही कंपनीच्या नकाशात ते नसते. आज माल पोचविणाऱ्यांची मजुरीही अनेक ठिकाणी नकाशावरच्या अंतराने ठरते. नकाशा चुकला तर त्यांच्या ताटातली भाकरी कमी होते. तेव्हा ज्यांच्यापाशी यंत्र आहे त्यांनी रविवारच्या फेरीत केवळ किलोमीटर मोजू नयेत. फुटलेला पूल, बंद झालेले फाटक, नवी पांदण, पिण्याच्या पाण्याची टाकी, सायकल दुरुस्तीचे दुकान यांची नोंद लोकांच्या नकाशात घालावी. मात्र एक पथ्य पाळावे. एखाद्या वस्तीची नोंद करण्यापूर्वी तिथल्या माणसांना विचारावे. नकाशावर आल्याने नळ येतो तसा कधी बुलडोझरही येतो. कोणती जोखीम घ्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार राहणाऱ्यांचा.

तर मंडळी, नकाशा घेताना पाच प्रश्न विचारा. तो वाट काढून देतो काय, सायकलला ओळखतो काय, चढ दाखवितो काय, कोणाचा आहे, आणि केव्हाचा आहे. या पाचांची उत्तरे मिळाली की यंत्र कोणतेही असो, काम भागेल. आणि उत्तर चुकीचे निघाले, तर ते दुरुस्त करून मागून येणाऱ्यासाठी ठेवा.